काढ्यानं लिव्हरची गाठ गेली म्हणे. मला पटत नाही, तुम्ही बोला

रंकाळ्याचा_वारा
आमच्या मंगळवार पेठेतल्या मामांना जानेवारीत लिव्हरचा कॅन्सर निघाला, गाठ ७ सेंटीमीटर, एएफपी (हा कॅन्सर असला की रक्तात बहुतेकदा वाढणारं प्रथिन) ३ हजारावर, त्यात सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आधीच कडक झालेलं, म्हणून डॉक्टर म्हणाले ऑपरेशन झेपायचं नाही. मामीनं पन्हाळ्याकडच्या कुणाचा तरी काढा चालू केला. परवाच्या सीटीत गाठ २ सेंटीमीटर, तीबी सुकल्यासारखी, एएफपी ३०. आता अख्खी गल्ली मामीकडं बाटली मागाय लागलीया. माझं मत, गाठ गेली हे खरं, काढ्यानं गेली हे मला पटत नाही.

तांबडा_पांढरा
आला शहाणा! डॉक्टरनी हात टेकले, काढा पोटात गेला, गाठ वितळली. अजून काय पुरावा पायजे भावा, स्टँप पेपरवर लिहून?

लॅबवाली_ताई
दादा, मध्ये मामांना कधी रक्ताची उलटी, जोराचा ताप असलं काही झालेलं का?

रंकाळ्याचा_वारा
झालेलं की ताई. मार्चमध्ये, रात्री दोनला. मामीनं पुढं धरलेलं पातेलं निम्मं भरलं, बीपी ७० वर आलं, तीन दिवस आयसीयूत.

लॅबवाली_ताई
मग माझा संशय तिथंच आहे. आपल्या चांगल्या लिव्हरला बरंचसं रक्त पोर्टल व्हेनमधनं, म्हणजे आतड्याकडनं येणाऱ्या शिरेतनं येतं, पण ही गाठ जगते हिपॅटिक आर्टरीवर, म्हणजे लिव्हरच्या धमनीवर. बीपी एकदम पडलं किंवा त्या आर्टरीत गुठळी अडकली की लिव्हर कसंबसं तगतं आणि गाठ उपाशी मरते. मांडीतनं नळी घालून डॉक्टर मुद्दाम हेच करतात, त्याला टेस म्हणतात. दुसरा अंदाज इम्युनिटीचा, मोठा ताप किंवा इन्फेक्शन येऊन गेल्यावर गाठ आटलेल्या केसेस आहेत.

तांबडा_पांढरा
अंदाजच म्हणे! मग आमच्या काढ्यानंच काय घोडं मारलंय? काढा घेणाऱ्यांच्या गाठी गेल्याचं डॉक्टर लोकांनीच छापलंय, वाचलंय मी.

लॅबवाली_ताई
छापलंय, खरं आहे. पण त्याच यादीत दारू सोडलेले आहेत, रक्तस्राव झालेले आहेत आणि काहीच न केलेलेही आहेत. एव्हरसन आणि कोल या दोघा डॉक्टरांनी १९६६ साली कॅन्सर आपोआप आटल्याच्या, सगळ्या प्रकारच्या मिळून, जगभरातनं १७६ केसेस गोळा केल्या, एवढं हे दुर्मीळ. मामांनी दारू कधी सोडली?

रंकाळ्याचा_वारा
जानेवारीतच, रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गंगावेस_कट्टा
मी एरवी फक्त वाचतो, पण आज लिहितो. आमच्या बाबांनी अशीच एक पूड पाच महिने घेतली, त्यांची गाठ छोटी होती, ऑपरेशन होण्यासारखी, ते पुढं ढकललं आणि पाच महिन्यांनी डॉक्टर म्हणाले आता उशीर झाला. ज्याची गाठ गेली तो गल्लीत सांगत फिरतो, आमचे बाबा कुणाला सांगणार?

तांबडा_पांढरा
वाईट वाटलं राव, खरंच. पण मामांना तर डॉक्टरनी दुसरं काय दिलंच नव्हतं, त्यांनी काय गमावलं ते सांगा?

लॅबवाली_ताई
मामांनी काही नाही, मान्य. पण गल्लीतले बाटली मागणारे तपासणी सोडून बसले तर? आणि सिरॉसिस असताना नको ती मुळी पोटात गेली तर उरलेलं लिव्हरपण बसतं.

तांबडा_पांढरा
बरं, पुढचं सीटी कधी?

रंकाळ्याचा_वारा
तीन महिन्यांनी. सिरॉसिस जाग्यावरच आहे, दुसरी गाठ उगवू शकते म्हणालेत. मामीनं कालच आणखी सहा बाटल्यांची ऑर्डर दिलीया, तिला हे कोण सांगणार यावरनं घरात भांडणं चाललीत.