चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा एकच टायर बदलावा का?

गोदाकाठ
नमस्कार. आमची गाडी घेऊन अजून सहा महिनेही झालेले नाहीत. परवा नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आदळले. तेव्हा हवा गेली नाही, परंतु सकाळी गाडी धुताना टायरच्या बाहेरच्या बाजूला, रिमपासून दोन बोटांवर, लिंबाएवढा फुगा दिसला. शोरूममध्ये विचारले, तर टायर गाडीच्या वॉरंटीत येत नाही, पुढचे दोन्ही बदलून घ्या, असे सांगितले. पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे आहे. तोवर हा टायर चालेल का, आणि एकच नवा घेतला तर काही बिघडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरकर
नागपूर राहू द्या, या टायरवर द्वारका चौकापर्यंतही जाऊ नका. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला की त्याच्या बाजूच्या थरातले धागे तुटतात आणि त्या जागी आतली हवा केवळ रबराने अडवून धरलेली असते. फुगा म्हणजे नेमके हेच. त्यावर पॅच किंवा व्हल्कनायझिंग करून उपयोग होत नाही, आणि समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाने तापलेला असा टायर केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. आजच स्टेपनी लावा. मात्र अनेक गाड्यांची स्टेपनी अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ते आधी पाहा. रिमची आतली कड वाकली आहे का, हेही चाक उतरवल्यावरच कळेल.

टायरवाला दादा
पुढचे दोन्ही टायर बदलण्याची गरज मला तरी दिसत नाही. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात आणि एवढ्या कमी वापरात त्यांची झीज फारशी होत नाही. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक टायर मिळाला तर पुरेसे आहे. नक्षी वेगळी निघाली, तर मात्र एका आसावर दोन तऱ्हेचे टायर नकोत.

आकारासोबत त्यापुढचा आकडा आणि अक्षरही जुळवा. उदाहरणार्थ २१५/६० आर १६ नंतर ९५ एच असेल, तर तो टायर ६९० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग यांसाठी बनवलेला असतो. यापेक्षा कमी क्षमतेचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार आकडेही दुकानातच वाचा, त्यावरून टायर केव्हा बनला ते कळते. २३२५ म्हणजे २०२५ सालातला २३ वा आठवडा. दुकानात वर्षभर पडून राहिलेला माल नव्या गाडीला कशाला?

तुमची स्टेपनी पूर्ण आकाराची आणि त्याच नक्षीची असेल, तर तिचा टायर काढून पुढच्या चाकाच्या अलॉय रिमवर (मिश्रधातूच्या रिमवर) चढवा आणि नवा टायर स्टेपनीच्या रिमवर ठेवा. मग दुकानात नक्षी जुळली नाही तरी अडत नाही. टायरवर आउटसाइड असे लिहिलेले असेल, तर ती बाजू बाहेर आली पाहिजे. बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) करून घ्याच, आणि धक्का जोराचा होता म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोनही तपासा.

इंदिरानगर
पैशांबाबत थोडे लिहितो. टायरची वॉरंटी टायर कंपनी देते, परंतु ती बहुधा कारखान्यातल्या दोषासाठी असते. खड्ड्याने झालेली इजा तीत बसत नाही. साध्या विमा पॉलिसीत गाडीला त्याच वेळी दुसरे नुकसान झाले असेल तरच टायर धरला जातो, आणि तेही निम्म्या किमतीपर्यंत. टायरसाठी वेगळे कव्हर घेतले असेल, तर जुना टायर दुकानात टाकून येण्याआधी विमा कंपनीला कळवा. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिल घेताना तो आकडा पाहा.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. स्टेपनी पूर्ण आकाराची आणि त्याच नक्षीची आहे, फक्त रिम लोखंडी आहे. आत्ता ती लावली असून उद्या तिचा टायर अलॉयवर चढवून घेतो. पॉलिसीत टायर कव्हर नाही, त्यामुळे नव्याचा खर्च आम्हालाच करावा लागेल.