मदत हवी आहे : हवामानाचा रेडिओ लागतच नाही, परवा निघायचंय

वाटसरळ
मंडळी, लवकर उत्तर हवंय. परवा पहाटे निघायचंय आणि हवामानाचा रेडिओ लागत नाहीये. सातही चॅनेल फिरवून झाले, नुसती खरखर. सेल नवीन आहेत. मुद्दाम यासाठीच घेतलेला रेडिओ आहे, दुकानदार म्हणाला होता कुठेही लागेल. पुढचे चार दिवस मोबाइलला भरवसा नाही. काय करू? 'आधी शोधून बघा' असं कृपया सांगू नका, दोन तास तेच केलंय.

रानकवडी
कुठून कुठे चाललाय? कुठला ट्रेल? आत्ता कुठे बसून लावताय?

वाटसरळ
अहो अमेरिकेतला ॲपलाचियन ट्रेल, दुसरा कुठला. दर वर्षी थोडा थोडा करतोय.

रानकवडी
दादा, तो ट्रेल जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जातो, साडेतीन हजार किलोमीटर आहे. तुम्ही त्यात कुठे आहात ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

गारवा७१
रेडिओचा नाद सोडा. इनरीच नावाचं उपग्रहावालं उपकरण घ्या. आहात तिथला अंदाज उपग्रहावरून मागवता येतो, शिवाय अडचणीत मदतही मागता येते. मी गेली चार वर्षं रेडिओ नेलेला नाही.

बिनतारी
गारवा, त्यांना परवा निघायचंय, उपकरण कधी घेणार, चालू कधी करणार? आणि दाट झाडीत नाहीतर अरुंद घळीत तुमचाही निरोप पंधरा-वीस मिनिटं अडकतो. रेडिओला ना वर्गणी, ना खातं. दोन सेल टाकले की झालं.
वाटसरळ, रेडिओ कुठला आहे? नुसता एफएम असेल तर जन्मात लागणार नाही. एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतो. 'नोआ' या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेचं प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० या सात फ्रिक्वेन्सींवर असतं.

वाटसरळ
एवढं कळतं मला. वेदर बँड आहे, १ ते ७ आकडे आहेत. खिशात मावेल एवढा, वजनासाठी तोच घेतला. न्यू हॅम्पशरमध्ये लिंकनच्या हॉस्टेलात आहे. परवा क्रॉफर्ड नॉच या खिंडीतून वर, मग माउंट वॉशिंग्टन, माउंट मॅडिसन ही शिखरं करून पिंकम नॉचला उतरणार.

रानकवडी
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! व्हाइट माउंटन्स म्हणजे अख्ख्या ट्रेलवरचा हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात बेभरवशाचा तुकडा. माउंट पिअर्सपासून मॅडिसनपर्यंत साधारण वीस किलोमीटर झाडोरा नाही, सगळं उघड्यावर. १२ एप्रिल १९३४ला वॉशिंग्टनच्या माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला गेलाय. ऑगस्ट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. मी १४ ऑगस्टला तिथे बोटं बधिर झाल्यामुळे जाकिटाची चेन लावू शकले नव्हते. सोबतच्या बाईंनी लावून दिली.
आणि लिंकन दरीत आहे. हे प्रक्षेपण सरळ रेषेत जातं, वाटेत डोंगर आला की संपलं. मोकळ्यावर एका मनोऱ्याची साधारण ६५ किलोमीटरची पोच असते. धारेवर चढून लावा.

तोरणा_फिरस्ता
आम्ही १९८५ सालापासून सह्याद्री फिरतोय, रेडिओ कधी नेला नाही. पश्चिमेकडून ढग कसा चढतो ते बघायचं, वारा पडला की समजायचं. आता तर दामिनी ॲप आहे, वीज कुठे पडतेय ते दाखवतं. ते टाकून घ्या.

गारवा७१
काका, दामिनी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, भारतापुरतं. शिवाय ते इंटरनेटवर चालतं, आणि यांचा मूळ प्रश्नच रेंज नाही हा आहे.

तोरणा_फिरस्ता
ठीक आहे, ॲप राहू द्या. पण ढग अमेरिकेतही ढगच असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की धार सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढू नका. याला सेल लागत नाहीत.

रानकवडी
काका, हे मात्र सोळा आणे खरं. वाटसरळ, लिहून घ्या.

आमसूल
जेवणाचं काय नेताय? मी भाजलेले पोहे, मेतकूट, दूध पावडर आणि सुकवलेली कैरी अशा पुड्या करून नेते. वर फक्त गरम पाणी. चार दिवसांना माणशी सव्वा किलोत भागतं. वाऱ्यात चूल लवकर पेटत नाही, तेव्हा न शिजवता खाता येईल असं एक जेवण ठेवाच.

वाटसरळ
ताई, जेवणाचं झालंय. मला रेडिओचं सांगा.

बिनतारी
सांगतो, पण आधी दोन प्रश्न. अँटेनाची काडी पूर्ण ओढलीत का? आणि रेडिओ चार्जरला लावलेला आहे का? स्वस्त चार्जरची खरखर थेट रेडिओत शिरते.

वाटसरळ
काडी नाहीच या रेडिओला. चार्जरला होता, आता काढला. खरखर कमी झाली, आवाज नाहीच.

बिनतारी
काडी नाही? मग इअरफोनला भोक आहे का? कसला इअरफोन लावलाय?

वाटसरळ
भोक आहे. मी स्पीकरवरच ऐकतोय. इअरफोन ब्लूटूथवाले आहेत, वायरचे वजनापायी घरी ठेवले.

बिनतारी
सापडलं! अशा छोट्या रेडिओत इअरफोनची वायर हीच अँटेना असते. वायर नसेल तर रेडिओ बहिराच. कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल ती वायरवाली जोडी आणा. वायर गुंडाळून ठेवू नका, सरळ लोंबू द्या. मग सातही चॅनेल पुन्हा फिरवा.
पुढे सवड मिळाली की हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याची, परीक्षा द्या, फार कामाची आहे. पण नुसतं ऐकायला परवाना लागत नाही.

गारवा७१
तरी सांगतो, पुढच्या वर्षी उपग्रहावालं घ्या. फक्त ते घेऊन भारतात जाऊ नका. तिथे विनापरवाना बाळगता येत नाही, विमानतळावर अडचण होते.

रानकवडी
गारवा, यांना भारतात नाही, वॉशिंग्टनवर जायचंय.
वाटसरळ, आवाज लागला तरी अर्धंच काम झालं. रेडिओवर ट्रेलचं नाव येत नाही, काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं येतं. क्रॉफर्ड नॉचला रस्ता ओलांडता ती जागा कॅरल काउंटीत, वॉशिंग्टनचा माथा कोऑसमध्ये. लिहिताना कूससारखं दिसतं, म्हणताना को-ऑस. 'सदर्न कोऑस' आणि 'नॉर्दर्न कॅरल' कानावर आलं की कान टवकारा. तापमान फॅरेनहाइटमध्ये, वारा मैलांत. तेच ते पुन्हा पुन्हा वाचतात, पहिल्या वेळी निसटलं तर थांबा.
दुसरं, काउंटीचा अंदाज मुख्यतः दरीतल्या वस्तीचा. दरीत २३ अंश असेल तर माथ्यावर १२-१३ धरा, वारा वेगळाच. माथ्यांसाठी माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरी वेगळा अंदाज देते. तो रोज सकाळी मिझ्पा, लेक्स ऑफ द क्लाउड्स, मॅडिसन या ट्रेलवरच्या मुक्कामाच्या झोपड्यांत मिळतो. तंबूत राहिलात तरी आत जाऊन विचारा, कोणी नाही म्हणत नाही.

वाटसरळ
हे झोपड्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं. मला एकट्याला काही वाटलं नसतं, सोबत पुतण्या आहे, सतरा वर्षांचा. पहिलाच मोठा ट्रेक त्याचा.

रानकवडी
हे आत्ता सांगताय? मग उतरायच्या वाटा दोघांनी पाठ करा. लेक्सपासून पश्चिमेला अमोनूसक रॅव्हिनची वाट खाली जाते. ओली असेल तर घसरते, पण तासाभरात झाडीत घेते. मिझ्पाच्या पुढे निघण्याआधी रोज सकाळी एकदाच ठरवा, पुढे की थांबायचं. पोरासमोर ठरवा, त्याला विचारून.

तोरणा_फिरस्ता
पोराला ढगही बघायला शिकवा.

वाटसरळ
बातमी देतो. किराणा दुकानात वायरचा इअरफोन मिळाला. हॉस्टेलमागच्या स्कीच्या उतारावर अर्धा तास चढलो, वायर हातात धरून. तिसऱ्या चॅनेलवर एकदम स्वच्छ आवाज. आधी नुसती समुद्राची माहिती, मग नॉर्दर्न ग्राफ्टन, मग 'सदर्न को-ऑस'. ताई, तुम्ही उच्चार सांगितला नसता तर ते आपलं आहे हे कळलंच नसतं. परवा दुपारनंतर वादळी पाऊस आहे, तेरवा सकाळी निवळतंय.
पुतण्याने एक कानात घेतला, एक मला दिला, आणि इअरफोनच्याच खोक्यावर लिहून घेतलं. एक दिवस उशिरा निघतोय, पहिला मुक्काम मिझ्पाच्या शेजारच्या तंबूतळावर. सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीला चिडून लिहिलं, माफ करा.

आमसूल
एक दिवस वाढला, म्हणजे दोघांच्या दोन पुड्या जास्त घ्या.

बिनतारी
आणि इअरफोनची अजून एक जोडी. वायर आतून तुटली तर बाहेरून दिसत नाही.