लेकरू बोलंना झालंय, तातडीनं मदत हवी आहे

निलंग्याचा_शेतकरी
येळवशीपासून, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणापासून, लेकरू बोलंना झालंय. सणाला घरी आलं पण रानात आलं नाही. आम्ही कडब्याच्या कोपीत पांडव पुजले, भज्जी-आंबिलीला सगळं गणगोत जमलं अन् हे घरात पांघरूण घेऊन पडलेलं. लातूरला परत गेल्यापासून फोन उचलत नाही. उचललाच तर 'हं', 'बरं' अन् बंद. परवा फीचा दुसरा हप्ता भरायचाय. भरू का नको? माहीत असेल त्यानं लवकर सांगा.

उदगीरकर७१
वय किती? कितवीला आहे? होस्टेलवर का रूम करून? किती दिवस झाले? एवढ्यावर काय सांगणार दादा.

मोंढा_आडत
त्यात विचारायचं काय, नीटवालं असणार, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं. मोबाईल काढून घ्या, साधा बटनाचा फोन द्या. माझं पोरगं पण असंच करत होतं. जाऊन दोन ठेवून दिल्या, सरळ झालं. आता नांदेडला बी.फार्मसी करतंय.

गणित_मास्तर
शेठ, सरळ झालं का गप्प झालं? आज तो तुमच्याशी आपणहून काय काय बोलतो, ते सांगा.

मोंढा_आडत
आम्हाला बापानं मारलं, आम्ही काय येडे निघालो? धाक पाहिजेच. तुमच्या शाळेत छडी बंद झाली, तवापासून पोरं कुणाला जुमानत नाहीत.

कळंबकर
बायोलॉजी सोडून मॅथ्स घ्यायला लावा. सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जाता येतं. माझ्या भाच्यानं तेच केलं.

निलंग्याचा_शेतकरी
अहो, मॅथ्सचं कुणी विचारलं? मुलगी आहे माझी, सोळा सरलं. अकरावी सायन्स, नीटचा क्लास. तिघी मिळून रूमवर राहतात, डबा लावलाय. दहावीला ९६ टक्के होते. रविवारी टेस्ट असते, संध्याकाळी मी फोन करतो. मागच्या दोन टेस्टला ७२० पैकी ३०० च्या आसपास पडले. मी रागावलो नाही, मारणं तर लांबच. फक्त एवढं म्हणलो, तुझ्यासाठी दुभती म्हैस इकली, जाणीव ठेव.

लातूर_२०१९
काका, मी बारा-तेराशे पोरींत त्या शहरात दोन वर्षं काढलीत. रविवारी संध्याकाळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. बाबा पहिला शब्द 'किती पडले?' बोलायचे, दुसरा 'बाकीच्यांना किती?' जेवलीस का, ते आई मागून ओरडायची तेव्हा कळायचं. मार्क कमी पडले की मी फोन सायलेंटवर टाकायचे. बाबांवर राग नव्हता माझा. त्यांचा पडलेला आवाज ऐकवत नव्हता. तुम्ही म्हशीचं बोललात त्या दिवशीपासून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला तिला ती म्हैस दिसत असणार.

गणित_मास्तर
हे अगदी बरोबर. शेठ, धाक नकोच असं माझं म्हणणं नाही. डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईबापांच्या वागण्याचे प्रकार मांडले. नुसता हुकूम वेगळा, नुसती मोकळीक वेगळी. नियम ठाम, पण त्यांचं कारण सांगायचं अन् लेकराचंही ऐकायचं, हा प्रकार त्यांना सगळ्यात चांगला वाटला. रात्री किती वाजता रूमवर यायचं हे तुम्ही ठरवा, तो तुमचा हक्क. पण उपकाराचं ओझं टाकून मन वाकवायला गेलं की या वयाची पोरं आतल्या आत कुढतात.

मोंढा_आडत
मग बापानं म्हैस इकली ते लपवायचं का? पोरीला घरची परिस्थिती कळायला नको?

लातूर_२०१९
कळू द्या की. फक्त मार्कांच्या फोनवर नको.

पीएचसी_ताई
वाद नंतर घाला. दादा, झोप अन् जेवण कसंय? डबा तसाच परत जातो का? दोन आठवड्यांहून जास्त असं पडून राहणं, आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, हे आळसात धरू नका. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, अन् मुळात या वयात झोपच उशिरा येते. पहाटेचा क्लास अन् रात्रीचं जागरण, एवढ्यानंही लेकरू खचतं.
आजच रूमवरच्या मैत्रिणीला फोन लावा. भेटल्यावर तिला थेट विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हाला स्वतःसाठी लावला तरी चालतो.

कळंबकर
लातूरला चांगला डबा कुठं मिळतो? आमचंही लेकरू जूनला जाणारंय.

निलंग्याचा_शेतकरी
मैत्रिणीशी बोललो. रात्रभर जागी असते म्हणाली, डबा अर्धा परत. आज रात्री तिच्याजवळच बस म्हणून सांगितलंय. पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी अन् हिची आई निघतो. हप्त्याचं नंतर बघू. ताई, तुम्ही सांगितलं ते विचारतो, जीभ रेटेल का माहीत नाही. टेस्टचं विचारणार नाही. पण मग बोलू काय? दीड वर्षात आमचं दुसरं बोलणंच ऱ्हायलं नाही.

लातूर_२०१९
काका, आधी काहीच नका बोलू. शेजारी बसा. दहावीच्या आधी ती तुम्हाला काय सांगायची?

निलंग्याचा_शेतकरी
विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी किती झाली ते मोजून सांगायची. यंदा मीच मोजली नाहीत. अंधार पडायच्या आत जाऊन येतो.