अक्षर लिहिलं जाण्याऐवजी त्याची कडच फिरते (आफ्टर इफेक्ट्स, अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर)

रेघोटी: ‘कमळ’ हा शब्द हाताने लिहिला जातोय असं दाखवायचंय. ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ केलं, फिल (आतला रंग) काढला, स्ट्रोक (कडेची रेघ) दिला, रेघ हळूहळू उघडणाऱ्या ट्रिम पाथ्सचा एंड ० ते १०० केला. तर अक्षराभोवती बाह्यरेषा फिरते. सिंगल-लाइन (एकाच बारीक रेघेचा) फॉन्ट घेतला तर ५० टक्क्यांलाच अक्षर पूर्ण, पुढे नुसता वेळ जातो. आणि सगळी अक्षरं एकदमच सुरू होतात.

बोरूवाला: फॉन्टमध्ये रेघ नसतेच, बंद आकार असतो. सिंगल-लाइन फॉन्टही त्यातून सुटत नाही, म्हणून त्यातली रेघ टोकापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येते. ५० टक्क्यांचं कोडं तेच. एंड ५० वर थांबवून भागेल, पण ट्रिम पाथ्समधलं ‘ट्रिम मल्टिपल शेप्स’ सायमल्टेनियसलीवर (सगळ्या रेघा एकदम) असेल तरच. इंडिव्हिज्युअलीवर (एकामागून एक) पहिली रेघ जाऊन परत आल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही.

त्यापेक्षा पेनने गिरवा. टेक्स्ट लेयर ३० टक्के अपारदर्शकतेवर ठेवून लॉक करा. शेप लेयरवर फिल नको, कॅप (रेघेची टोकं) आणि जॉइन (कोपरे) दोन्ही राउंड. हात जिथे उचलतो तिथे नवा पाथ, पण लेयर निवडलेलाच राहू द्या, नाहीतर दर रेघेला नवा लेयर तयार होतो. दर पाथचा एक ग्रुप होतो; ट्रिम पाथ्स सगळ्या ग्रुपांच्या खाली, बाहेर. चुकून ग्रुपच्या आत पडलं तर त्या एकाच रेघेवर चालतं. मग इंडिव्हिज्युअली करा.

फ्रेममोज्या: गिरवण्याशी सहमत, इंडिव्हिज्युअलीशी नाही. त्यात हात उचलायला वेळच मिळत नाही, आणि ईझ (सुरुवात-शेवट सावकाश) दिला तर तो अख्ख्या शब्दाला मिळून एकदाच लागतो. प्रत्येक ग्रुपला वेगळं ट्रिम द्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशनमध्ये) ‘क’साठी पोट ६ फ्रेम, दांडा ४, उजवं वळण ५, मध्ये २-२ फ्रेमची उसंत. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे, एका झटक्यात ६ फ्रेममध्ये. (मोडी असेल तर उलट, रेघ आधी.) दांडा खालून वर येत असेल तर पाथच्या ओळीतलं दिशा उलटण्याचं बटण दाबा, पुन्हा काढत बसू नका.

रेघोटी: रेघ जमली. पण अक्षरं बोरूने काढल्यासारखी जाड-बारीक हवीत. स्ट्रोकचा टेपर चालेल?

बोरूवाला: टेपर फक्त टोकं निमुळती करतो, मधल्या वळणावर जाडी बदलत नाही. मूळ अक्षर फिलसकट ठेवा आणि गिरवलेली रेघ त्याला अल्फा मॅट द्या (म्हणजे रेघ जिथे पोचते तेवढंच अक्षर दिसतं), रुंदी अक्षराच्या सगळ्यात जाड भागापेक्षा थोडी जास्त.

गोची ‘ळ’मध्ये होते. दोन फुगवटे मध्ये भिडतात, त्यामुळे डावा उघडताना रुंद मॅट उजव्याचा तुकडाही उघडा पाडतो. अक्षर तिथे कापून दोन लेयर करा, प्रत्येकाला आपापला मॅट. कापताना दोन्ही तुकडे २-३ पिक्सेल एकमेकांवर चढू द्या, नाहीतर सांध्यात केसाएवढी फट दिसते.