मदत हवी आहे: मुंबई विमानतळ ते नरिमन पॉइंट, पाहुण्यांची सुरक्षित ने-आण

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या कंपनीकडे परदेशातून एक मोठे उद्योगपती सपत्नीक येताहेत. टी-२ (टर्मिनल २) वर मध्यरात्री उतरणार, मुक्काम नरिमन पॉइंटला. सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे आणि त्यात काही कमी राहू नये असं मनापासून वाटतं.

सी लिंकवरून कोस्टल रोडला लागून मरीन ड्राइव्ह गाठायचं ठरवलंय. पण मलबार हिलखालचा बोगदा सुमारे 2 किलोमीटरचा. आत गाडी अडकली तर काय, ही धास्ती आहे. अशा वेळी मागची दुसरी गाडी किती अंतरावर ठेवता? की माहीम-दादरचा जुना रस्ता राखीव धरावा?

गर्दीत नावाची पाटी धरायची नाही, फक्त ठरलेला सांकेतिक शब्द, एवढं पक्कं केलंय. काळ्या काचा नकोत, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली आहे, हे पाहुण्यांच्या ऑफिसला पटवताना मात्र दमछाक झाली.

खाजगी सुरक्षारक्षक घ्यायचे तर 2005 च्या कायद्याखालचा एजन्सीचा परवाना बघणारच. पण बंदूकधारी रक्षक असेल तर त्याच्या शस्त्रपरवान्यात नेमकं काय तपासायचं? सशुल्क पोलीस संरक्षणासाठी अर्ज किती आधी करावा लागतो? आणि इंग्रजी नीट बोलणारा, रात्रीच्या ड्युटीला मुरलेला ड्रायव्हर देणारं कुणी माहितीत आहे का?

स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. नावं, नंबर मेसेजमध्ये दिलेत तरी चालेल.