लाल टॅबवर नावच नाही, मग डुप्लिकेट कुठली?

कर्नाळरोडवाला

मंडळी, कपड्यातलं मला शष्प कळत नाही, त्यामुळे आधी सगळं वाचा मग हसा.

झालंय असं की मागच्या आठवड्यात एका अ‍ॅपवर सेल लागला होता, त्यात लिव्हाइसची ५०१ नंबरची जीन्स दिसली १,१९९ ला, एमआरपी दाखवत होते ४,५९९. म्हटलं घेऊन टाकू, दिवाळीला एकतरी धड कपडा असावा अंगावर. परवा पार्सल आलं. दिसायला झकास, मागच्या खिशाला लाल कापडी टॅब, त्यावर नाव ठळक, कमरेवर दोन घोड्यांचं लेबल, खिशावर ती कमानीची शिलाई, सगळं जिथल्या तिथं. तरी मनात पाल चुकचुकली की एवढी स्वस्त कशी, म्हणून दादाची जीन्स कपाटातून काढली (त्यानं तीन वर्षांपूर्वी पुण्यात शोरूममधून पूर्ण पैसे मोजून घेतलेली) आणि दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी अंथरल्या. तर बघतो तर काय, दादाच्या जीन्सच्या टॅबवर नावच नाही! कोरा लाल तुकडा आणि त्यावर गोलातला बारीक आर, बास.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं, दादा तुला शोरूमवाल्यानं चुना लावला. आई म्हणाली मी तेव्हाच म्हणत होते, एवढ्या पैशाची विजार कोण घेतं का. दादा काही बोलला नाही, अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला.

तर प्रश्न दोन. तीन वर्षांनी शोरूमची तक्रार करता येते का? आणि माझी खरी आहे असं धरून चालू ना? रिटर्नची मुदत रविवारपर्यंत आहे.

खारी_बिस्कीट

शोरूममध्ये डुप्लिकेट आणि १,१९९ ला ओरिजिनल, उलटी गंगा वाहतेय राव. जागा पकडून बसलोय, जाणकार येऊ द्या.

एडिसनकर

अरे बाबा, आधी दादाची माफी माग.

तो कोरा टॅब खरा असतो. कंपनी मुद्दाम साधारण दहातल्या एका जीन्सला असा टॅब लावते, नाव नाही, नुसता रजिस्टर्डचा आर. कारण असं की त्यांचा ट्रेडमार्क फक्त नावावर नाहीये, खिशाच्या शिवणीतून बाहेर आलेली ती चिंधीसुद्धा त्यांचीच खूण आहे, मग त्यावर काही लिहिलेलं असो वा नसो. तो हक्क जिवंत ठेवायचा तर नाव नसलेला टॅबही अधूनमधून वापरात पाहिजे, म्हणून ही भानगड. मी इथे न्यू जर्सीत पहिल्यांदा असली जीन्स घेतली तेव्हा मीही काउंटरवर परत घेऊन गेलो होतो, तिथल्या मुलीने माझ्याकडे बघून जे स्मित केलं ते अजून आठवतं.

हा टॅब आला १९३६ साली, तोही यासाठीच की तोपर्यंत बाकीचे कारखानेसुद्धा गडद डेनिमच्या तशाच पँटी शिवायला लागले होते आणि लांबून कुणाची कुठली ते कळेना. म्हणजे नकलेचं दुखणं आजचं नाही. अजून एक, १९७१ च्या आधीच्या टॅबवर नावातली सगळी अक्षरं कॅपिटल असायची, नंतर ई छोटी झाली. त्यामुळे जुन्या कॅपिटल ईच्या जीन्सला शौकीन लोक वेड्यासारखे पैसे देतात आणि अर्थातच त्याचेही डुप्लिकेट निघतात. (कंपनीच्या काही महागड्या मालावर आजही कॅपिटल ई असते, तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.)

तुझ्या नव्या जीन्सबद्दल इथून काय बोलणार. पण नाव ठळक आहे म्हणजे खरी, हे मात्र डोक्यातून काढ.

सुई_दोरा

एडिसनकरांनी टॅबचं बरोबर सांगितलं. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझं बालपण उल्हासनगर पाच नंबर कॅम्पला, वडील जीन्सच्या कारखान्यात काजबटणाच्या मशीनवर होते, मी पण कॉलेजच्या सुट्ट्यांत दोरे कापायला बसलोय. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जोक तुम्ही ऐकला असेल, आम्ही त्यातच वाढलो. आधीच सांगतो, तिथे स्वतःच्या नावाने प्रामाणिक माल काढणारे भरपूर आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पण ज्याला ब्रँडचा माल काढायचाय तो कसा काढतो तेही बघितलंय.

तर पहिली गोष्ट, जे बाहेरून दिसतं ते नकलेत सगळ्यात चांगलं केलेलं असतं. टॅब, लेबल, बटणाचा दर्शनी भाग, कागदी टॅग हे सगळं छापून विणून तयार गठ्ठ्याने मिळतं, शिवणाऱ्याला फक्त लावायचं. गिऱ्हाईक तेच बघणार हे त्याला ठाऊक आहे. कापडही खूपदा चांगलंच असतं, मिलचा ताका तो ताका. त्यामुळे कापड जाडंय, आतून पांढरट दिसतंय म्हणजे ओरिजिनल असं काही नसतं, नेहमीचं निळं डेनिम आतून पांढरटच दिसणार, उभा धागा निळीतला आणि आडवा कोरा असतो म्हणून. रंग जातो म्हणून डुप्लिकेट हेही चूक, न धुतलेली कच्ची ओरिजिनल जीन्स तर बसाल तिथे निळा डाग पाडते.

पैसा वाचवतात तो आत. म्हणून जीन्स उलटी करा, नीट पूर्ण उलटी, पाय बाहेर काढून, आणि उजेडात बसून बघा.

खिशाचं अस्तर बघा, पातळ खळ मारलेलं कापड असेल तर चुरगाळल्यावर कागदासारखं वाजतं. ओव्हरलॉकचे, म्हणजे कापडाची कड बांधणाऱ्या शिलाईचे, दोरे लोंबतायत का बघा. रिव्हेटवर, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावर ठोकलेल्या धातूच्या टिकलीवर, बारीक अक्षरं कोरलेली असतात, एल एस अँड को एस एफ, नकलेत ती एकतर पुसट येतात किंवा नुसतीच नक्षी असते, आणि रिव्हेट नखाने फिरवला तर गोल फिरतो. वरचं बटण उलटं करा, मागे आकडा ठोकलेला असतो, तो कारखान्याचा नंबर, आत शिवलेल्या धुलाईच्या लेबलवरही तो बहुतेक वेळा सापडतो. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण दरवेळी जुळतोच असं नाही, तेवढ्यावर फाशी देऊ नका. खिशावरच्या कमानीच्या दोन ओळी मध्यावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे नीट शंकरपाळ्याचा आकार दिसला पाहिजे. घाईत शिवलेल्या मालाला तिथे शंकरपाळं नसतं, गाठ असते. आमचे बाबा म्हणायचे दोन सुया एका चालीत पळायला कारागीर रिकाम्या पोटी नसावा लागतो.

आणि सगळ्यात सोपं, कमरेच्या लेबलवरचा नंबर आणि साइज, आतल्या लेबलवरचा नंबर आणि साइज, आणि कागदी टॅगवरचा कोड, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. लेबलांचा गठ्ठा वेगळा येतो आणि जीन्सचा ढीग वेगळा, संध्याकाळी पाचला गाडी भरायची असते, मग कुणाला वेळ आहे जुळवत बसायला.

एक विचारायचं राहिलं, तुझ्या ५०१ ला पुढे बटणं आहेत की चेन?

कर्नाळरोडवाला

चेन आहे. चांगली भारी पितळी चेन आहे. का?

सुई_दोरा

संपला विषय. ५०१ ओरिजिनल बटणांचीच. चेन हवी असेल तर कंपनीकडे ५०५ वगैरे दुसरे नंबर आहेत. १९५४ साली ५०१ झेड नावाने चेनवाली काढली होती त्यांनी, पण तसला तुकडा तुला सेलमध्ये १,१९९ ला कोणी पाठवणार नाही.

ठाण्याची_काकू

इतक्या चौकशा करण्यापेक्षा मी तर दुकानातच जाते, घालून बघते, वाकून बघते, मग घेते. बाळा, तू पैसे भरण्याआधी विकणाऱ्याचं नाव वाचलं होतंस का? अ‍ॅप मोठं म्हणजे विकणारा मोठा असं नसतं, अ‍ॅप म्हणजे मंडई, गाळा कुणाचा ते आपण बघायचं. माझ्या भाचीनं अशीच एक नामांकित पर्स घेतली, विकणाऱ्याच्या पानावर गेलो तर तोच माणूस मोबाइलची कव्हरं, प्रेशर कुकरच्या रिंगा आणि पर्स विकत होता.

कलम_कसाई

वकील नाही, पण ग्राहक मंचात दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे अनुभवाचे बोल.

एक, रविवारची वाट बघू नकोस, आजच रिटर्न टाक, आणि कारण लिहिताना 'साइज बसत नाही' असलं सोयीचं कारण निवडू नकोस. लोक पटकन पैसे मिळावेत म्हणून तेच करतात आणि तो माल तसाच पुढच्याच्या गळ्यात पडतो. सरळ लिही की माल बनावट आहे. फोटो काढ, चेनचा, लेबलांचा, बटणाच्या मागचा, आणि सोबत अ‍ॅपवरच्या पानाचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याच्या नावासकट, कारण तक्रार गेली की पान गायब होतं.

दोन, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असल्या प्लॅटफॉर्मला विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क दाखवावा लागतो आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. चॅटवरच्या 'असुविधेबद्दल क्षमस्व' ला पोच समजू नकोस, तक्रार क्रमांक माग.

तीन, तरी नाही ऐकलं तर १९१५ वर फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तू राहतोस तिथेच दावा टाकता येतो, विक्रेता दिल्लीत बसलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, अर्जही ऑनलाइन भरता येतो. बाराशे रुपयांसाठी कोण एवढं करतं म्हणशील, नेमक्या याच हिशोबावर त्यांचा धंदा चालतो.

ट्रेडमार्क कायद्यात खोटा ब्रँड लावणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण ती लढाई कंपनीची, तू त्यात पडू नकोस.

खारी_बिस्कीट

पण काका, १,१९९ म्हणजे खोटीच असं कसं? मी स्वतः सेलमध्ये साठ टक्के सूट घेऊन ओरिजिनल घेतलीय, बिल आहे.

सुई_दोरा

बरोबर आहे तुझं. सूट खोटी नसते दरवेळी, ब्रँड जुना माल काढतातच. फरक एवढाच बघ की सूट कुठल्या मालावर आहे. आडसाइज, विचित्र रंग, मागच्या सिझनचा कट, चार तुकडे शिल्लक, असं असेल तर पटतं. सगळ्या साइज, सगळे रंग, कायम तोच भाव आणि वर 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणजे निर्यातीतून उरलेला माल असं लिहिलंय, तर जरा थांब. सरप्लस हे नाव फार जणांनी उगाच लावून घेतलंय. खरा सरप्लस असतो, पण त्याचं लेबल बहुधा कापलेलं किंवा मार्करने रेघ मारलेलं असतं, कारण ऑर्डर देणाऱ्या ब्रँडची तशी अट असते. आणि विकणारा फर्स्ट कॉपी, सेव्हन ए असलं काही म्हणाला तर तो निदान खरं तरी बोलतोय, डुप्लिकेट आहे एवढंच त्याचा अर्थ.

एडिसनकर

यात भर, डिझेलसारख्या काही महागड्या ब्रँडच्या आतल्या लेबलवर कोड असतो, फोनने स्कॅन करून तपासता येतो. पण कोडसुद्धा एका खऱ्या जीन्सवरून उचलून हजार खोट्यांवर छापता येतो, आणि लेबलावर छापलेला पत्ता बनावट साइटवर घेऊन जाऊ शकतो. म्हणून लेबल दाखवेल त्या लिंकवर न जाता साइटचं नाव स्वतः टाईप करून कोड भरावा.

कर्नाळरोडवाला

मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला.

सुई दोरा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे उलटी करून बसलो गॅलरीत. कमरेच्या घोड्यांखाली ३२, आतल्या लेबलवर ३४, आणि टॅगवरचा कोड दोघांशीही जुळत नाही, गुगलवर टाकला तर बायकांचं जाकीट निघालं. एक रिव्हेट नखानं फिरवला तर फिरतोय फॅनच्या रेग्युलेटरसारखा. शंकरपाळं नाही, गाठ आहे. घोडेसुद्धा नीट बघितले तर एकाला तीनच पाय आहेत.

रिटर्न टाकला, कारण 'बनावट' असंच लिहिलं. आधी चॅटवर म्हणाले ब्रँड शंभर टक्के ओरिजिनल आहे, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ द्या. व्हिडिओ कोण काढतंय, पण तीन लेबलांचे फोटो आणि चेनचा फोटो टाकून तक्रार क्रमांक मागितला, कलम कसाईंचे ४८ तास पण लिहिले, तर दुसऱ्या दिवशी पिकअपला माणूस आला. पैसे काल जमा झाले. विक्रेत्याचं पान अजून चालू आहे, म्हणून १९१५ ला पण नोंद केलीय.

आता दादाचं. धाग्याचा स्क्रीनशॉट त्याला दाखवला, दहातल्या एकाला असा टॅब असतो वगैरे. त्यानं शांतपणे वाचलं. मग कपाटातून जीन्स काढून माझ्या हातात दिली. त्या रात्रीच त्यानं आईच्या शिलाईच्या डब्यातल्या ब्लेडनं तो टॅब उसवून काढून टाकला होता.

टॅब मिळालाय, डब्यात बटणांच्या खाली होता. सुई दोरा भाऊ, हा परत कसा लावायचा, हाताने चालेल का?

सुई_दोरा

मशीनवर नको. जुन्या भोकांतून हातानेच घाल, लाल दोरा घे.