मदत हवी आहे: आशाताईंना मनाच्या त्रासाबद्दल विचारायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामाला मदत आणि देखरेख करते. माझ्या आशाताईंचं मानसिक आरोग्यावर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचंय.

तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (घरोघरी जाऊन आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) भरताना शेवटच्या भागात दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, उदास वाटलं, असं किती वेळा झालं? उत्तराला ० ते ३ गुण. कागदावर सोपंय. परवा एका ताईबरोबर गेले, तर तिने प्रश्न छापील तसाच वाचला. म्हातारी म्हणाली, "रस नगं बाई, च्या टाकते." हसू आलं खरं, पण अवकाळीत द्राक्षबाग गेल्यापासून त्याच घरातला कर्ता मुलगा धड जेवत नव्हता. ते फॉर्मात आलंच नाही.

आमच्याकडे 'उदास' कोण म्हणतंय? घोर लागलाय, कशात जीव रमत नाही, असं म्हणतात. तुम्ही कोणते शब्द वापरता? सोंगं वठवून सराव घेतलाय का कुणी? सासू शेजारी बसलेली असताना सुनेला कसं बोलतं करायचं? आणि "जीव द्यावासा वाटतो का?" हे विचारायला ताया घाबरतात. विचारल्यानेच डोक्यात येईल म्हणतात. तसं होत नाही हे मी सांगून थकले.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा पीपीटी नकोत, स्वतः केलेलं सांगा.